न आलेल्या पाहुण्यांची पडवी

सुरुवातीलाच माफी मागतो. असे लेख लिहिणारी माणसं वेगळी असतात, असं मला आजवर वाटत आलं आहे. त्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट असतं, चुकलं तर सांगणारं कुणीतरी असतं. आमच्या घरात छापील म्हणून रेशनकार्ड आणि भिंतीवरचं कॅलेंडर. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला. मी लिहिलेलं बरोबर आहे की नाही, हे घरी कुणाला विचारता येत नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांना हे वाचता येणार नाही. म्हणजे त्यांच्या पाठीमागे बोलल्यासारखंच झालं. तरी लिहितो, कारण पुन्हा तो वारा सुटला आहे.

अंबरनाथला आमच्या चाळीत एरवी वारा येतो तो कारखान्यांकडून. आज कुठे काय शिजतंय ते नाकाला आधी कळतं. पण दिवाळी होऊन थोडे दिवस गेले की एखाद्या दुपारी वारा वेगळीकडून येतो. बदलापूरच्या पलीकडच्या डोंगरांवरून, कापलेल्या शेतांवरून, कोरडा आणि हलका. त्याला पेंढ्याचा वास असतो. आई दारात बसून जीन्सचे धागे कापत असते. उल्हासनगरच्या कारखान्यातून पँटींचा ढीग येतो, शिवणीचे लोंबणारे धागे कापून परत द्यायचे, हे तिचं काम. तिची बोटं कायम निळी असतात. तो वारा आला की तिची कात्री थांबते. ती म्हणते, "खळी लागली असतील." एवढंच. मग कात्री पुन्हा चालू.

याच वाऱ्यात ट्रकही जातात. बदलापूरच्या रस्त्याने, वीटभट्ट्यांकडे. वर माणसं, मडकी, गुंडाळलेल्या गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. भात झोडून झालं की डोंगरातल्या वाड्यांमधली बहुतेक घरं भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. लहानपणी मी या ट्रकांना हात करायचो. वरची पोरंही करायची. हल्ली ट्रक आला की मी रस्त्याकडेच्या दुकानाची पाटी वाचायला लागतो. वरून कुणी ओळखीचं बघेल अशी भीती वाटते, आणि त्या ट्रकमध्ये ज्याने असायला हवं होतं तो गेल्या वर्षी नव्हता, हे आठवतं.

तो माझा मामा. काळूमामा.

गेल्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या भूगोलाच्या मॅडमनी वर्गात एक रंगीत चित्र फिरवलं. कुठल्या तरी थंड देशातला समुद्र, आणि त्या समुद्रातच उभ्या पांढऱ्या पवनचक्क्या, एका रांगेत. पुढे एक बोट, बोटीत स्वेटर घातलेली माणसं, चक्क्यांकडे बघत हसणारी. मॅडम म्हणाल्या, पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, म्हणून तिथं चक्क्या लावतात. लोक त्या बघायला जातात. मग किनाऱ्यावरच्या छोट्या गावांनी काय करायचं? मोठी हॉटेलं बांधू द्यायची नाहीत. पाहुण्यांना आपल्याच घरात उतरवायचं, आपलंच जेवण वाढायचं. गाव गावासारखं राहतं, आणि येणारा पैसाही गावातच राहतो. आपल्या कोकणात असं करता येईल का, यावर प्रोजेक्ट करायचा होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती.

मला ते चित्र फार आवडलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. समुद्र मी शाळेच्या सहलीत पाहिला होता, तोही भेळ खाताना, बहुतेक वेळ त्याच्याकडे पाठ करून. पण त्या बोटीतली माणसं एका लहान गावाकडे निघाली होती आणि गावाला ती हवी होती, हे मला नवीन होतं. माझ्या ओळखीच्या गावांतून माणसं फक्त बाहेर जायची.

माझा जोडीदार मुकेश. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्याच्या वडिलांचं पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. बाहेर फूटपाथपर्यंत पाती, जाळ्या, तांब्याच्या तारेची भेंडोळी. मुकेश मराठी बोलता बोलता हिंदीत जातो आणि परत येतो, त्याचं त्याला कळत नाही. मॉडेल करायचं म्हटल्यावर तो म्हणाला, "समुद्र मैं देखता हूँ. तू फक्त भाषण लिही." आणि त्याने खरंच समुद्र केला. आईला काम देणाऱ्या कारखान्यात फेकायला काढलेल्या जीन्सच्या चिंध्या त्याने थरावर थर लावून चिकटवल्या. गडद निळ्या खाली, फिकट वर, आणि विरलेल्या पांढऱ्या कडा म्हणजे फेस. त्यात तीन पांढऱ्या चक्क्या. चक्क्या फिरवायला खाली एक छोटी मोटर, तिची वायर भिंतीतल्या प्लगला. मी म्हटलं, "अरे, आपली पवनचक्की विजेवर चालतेय." तो म्हणाला, "साईं, हवा का भरोसा नहीं. परीक्षक समोर असताना पडली तर?"

मॅडम म्हणाल्या, मॉडेल छान आहे, पण माणसं कुठे आहेत? गावातल्या लोकांना विचारून या. कागद नेऊ नका, लोक कागदाला घाबरतात. बसा, गप्पा मारा, शेवटी विचारा. समुद्र लांब आहे, तर पाण्याकाठचं एखादं गाव बघा. मी म्हटलं, बदलापूरच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या कडेला एक वाडी माहीत आहे. 'माझ्या मामाची' हे शब्द ओठापर्यंत आले आणि परत गेले. का गेले, हे मी अजून नीट सांगू शकत नाही. वर्गात कुणी हसलं नसतं. तरी गेले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं गेलो. बदलापूरहून जीप, मग पायवाट. वाडीचं खळं पाण्याच्या वरच्या अंगाला आहे. सारवलेलं, गोल, मधोमध भाताची रास. मामी डोक्याच्या वर सूप धरून उभी होती आणि वारा पडला होता. उफणायला वारा लागतो, त्याशिवाय दाणा आणि फोल वेगळं होत नाही. मामी तशीच हात वर करून उभी होती. खळ्यावरची बाकीची माणसंही आपापली सुपं धरून थांबली होती. मग पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या, त्या काठाकडे सरकल्या, आणि सगळ्या सुपांतून एकदम भात सांडायला लागलं. सोनेरी फोलपट उडून मुकेशच्या केसांत बसलं. तो तोंड उघडं टाकून बघत होता.

मामीने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "ह्यो कोन रं?"

"माझा दोस्त. मुकेश. उल्हासनगरचा."

"सिंधी? भाकर खाईल का?"

"मामी, मी सगळं खातो," मुकेश म्हणाला. "घरी तर शिव्या पण खातो."

मामी एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. तेव्हाच मुकेशने तिचा फोटो काढला. तो फोटो पुढे येणार आहे.

मुकेशने दुकानातून आणलेलं सामान पाण्याशी मांडलं. दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन, वर बांबूची चौकट, चौकटीवर टेबलफॅनची पाती आणि मागे सायकलचा डायनामो. ही आमची पाण्यावरची पवनचक्की. दोरीला बांधून ती आत सोडली. वाऱ्यावर पाती फिरली, कॅन डुलले आणि टॉर्चचा बल्ब लागला. भर दुपारी तो दिसेना. काळूमामाने गुडघाभर पाण्यात जाऊन दोन्ही हातांचा आडोसा केला आणि आत डोकावून बघितलं.

"लागलाय खरा," तो म्हणाला. "पन दिसा कशाला लावलास?"

मामी काठावरून म्हणाली, "घरातला पंखा वारा देतो. ह्यो तर घेतोय. आमचा वारा घेऊ नका रं, उफननी ऱ्हायलीय."

चक्कीचं वाडीला तेवढंच कौतुक. संध्याकाळी आम्ही ओट्यांवर बसत फिरलो. मी समुद्रातल्या चक्क्यांचं सांगितलं, बोटीतल्या माणसांचं सांगितलं. ती माणसं लांबून येतात, गावातच राहतात, हेही सांगितलं. पोरं ऐकत होती, मोठी माणसं विड्या ओढत होती. मग मॅडमनी सांगितल्याप्रमाणे शेवटचा प्रश्न. मामाच्या ओट्यावरच तो पहिल्यांदा विचारला. "उद्या इथं लोक फिरायला आले, तर घरात ठेवाल का, मामा?"

मामाने विडी खाली ठेवली. तो मामीकडे बघत राहिला. मामीने मान वळवून आतल्या कणगीकडे बघितलं. नवीन भात अजून पुरतं भरलं नव्हतं. मला वाटलं, प्रश्न कळला नाही. मी परत विचारणार होतो, इतक्यात मामा म्हणाला, "ठेवू."

मग मामाही आमच्याबरोबर फिरला, आणि बाकीच्या ओट्यांवरही तेच झालं. प्रत्येकाने आधी आपल्या घरात बघितलं, मग मामाकडे बघितलं, मग होकार दिला. परतताना जीपमध्ये मुकेश खुशीत होता. "सगळे हो बोलले यार. अपना तो काम हो गया."

प्रदर्शन पुढच्याच महिन्यात झालं. मी चार्टपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'स्थानिक लोकांचा पूर्ण पाठिंबा'. त्याच्या बाजूला मामीचा फोटो, हसून खाली बसलेली, केसांत फोलपट. खाली मी लिहिलं होतं, 'स्थानिक महिला'. मॅडम फोटोसमोर थांबल्या. म्हणाल्या, "किती मोकळं हसतायत या."

मुकेशच्या पोटात काही राहत नाही. "मॅडम, ये इसकी मामी है."

"अरे? मग लिहायचं नाही का तसं?" मॅडमना खरंच आनंद झाला होता. "सांगायचं नाहीस का?"

मी हसलो. दुसरं काय करणार. पेन खिशात होतं, 'स्थानिक महिला' खोडून 'माझी मामी' लिहायला क्षणही लागला नसता. पण आता खोडलं तर सगळ्यांना दिसेल, म्हणून तेही केलं नाही. तेवढ्यात लोडशेडिंग झालं आणि आमच्या तिन्ही चक्क्या जागच्या जागी थांबल्या. परीक्षक नेमके समोर. मुकेश गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सर, आज समुद्रावर वारा पडलाय." सगळे हसले. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. बोलता बोलता तो प्रश्नही सांगितला. तिची कात्री थांबली.

"असं इचारलंस तू? दादाला?"

"सगळ्यांनाच विचारलं."

"मग काय बोलला दादा?"

"ठेवू म्हणाला."

आईने मांडीवरची पँट बाजूला ठेवली. आई रागावली की आवाज चढवत नाही, उलट हळू बोलते. "आमच्यात पाव्हण्याला 'बघू' म्हनत नाय. आधी घरात दाना बघतात. हाय म्हटल्यावर बोलतात. एकदा बोलले की मग झालं."

"आई, तो नुसता प्रश्न होता. प्रोजेक्टचा."

"नुसता प्रश्न होता तर उत्तर कशाला घेऊन आलास?"

मॅडमनी शिकवलं होतं की लोकांचं मत घ्यायचं असतं. मत घेणं म्हणजे वाऱ्याचा वेग मोजण्यासारखं आहे, असं मला वाटलं होतं. मोजून झालं की वारा आपल्या वाटेने जातो, त्याला काही होत नाही. माझी आई त्याच वाडीत वाढली. तिच्या मांडीवर वाढलेल्या मला हे माहीत असायला हवं होतं. नव्हतं. मी शिकत असताना कधीतरी ते गळून पडलं असावं, आणि पडल्याचा आवाजही झाला नाही.

थोड्या दिवसांनी आई वाडीला जाऊन आली आणि तिने बातमी आणली. मुकादमाचा ट्रक येऊन गेला. वाडीतली घरं भट्टीवर गेली. काळूमामा आणि मामी गेले नाहीत. पाहुणे यायचे आहेत म्हणून थांबले. होकार सगळ्यांनीच दिला होता, पण वाडीने बसून ठरवलं होतं. पाहुणे कुणाचे? काळूच्या भाच्याचे. मग ठेवणार कोण? काळू. बाकीचे मोकळे झाले.

भट्टीचा हंगाम म्हणजे मामाचं अर्धं वर्ष. भात पावसाळ्यापर्यंत पुरत नाही, त्यापुढचं सगळं भट्टीवरच्या मजुरीवर. एकदा ट्रक गेला की मागून जाता येत नाही, भट्टीवर कामाला घ्यायच्या नवरा-बायकोच्या जोड्या आधीच ठरलेल्या असतात. हे मला माहीत होतं. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी वाडीला गेलो. मुकेशही आला.

भट्टीवर जाताना घर बंद करायची त्यांची एक रीत आहे. कुलपं कुणाकडे नाहीत. दारासमोर बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या लावतात. गुरं आत जात नाहीत आणि आल्या-गेल्याला कळतं की घरात माणूस नाही. त्या दिवशी एकामागून एक दारं अशी काट्यांची. दोन-चार म्हातारी माणसं उन्हात बसलेली. खळं रिकामं, आणि वारा मात्र भरपूर, उफणायला काही नसलेला. एकाच घरावर धूर होता.

मामाने ओट्याच्या बाजूला नवी पडवी काढली होती. कारवीच्या काड्यांचा नवा कूड, शेणमातीने लिंपलेला, अजून ओला वास येत होता. आत कुठून तरी मागून आणलेली बाज. बाजेवर धुतलेली गोधडी. कोपऱ्यात पाण्याचं मडकं, त्यावर उपडा पेला. मामी म्हणाली, "बोटीची मानसं थंडीतली हायत ना, सवेटर घालतात. म्हनून वाऱ्याच्या बाजूनं जाड लिंपलंय."

मी सगळं ठरवून आलो होतो. चहा होण्याच्या आत सांगून टाकलं. "मामा, कुणी येणार नाही. ते फक्त कॉलेजसाठी होतं."

"नाय येनार?"

"नाही."

"कुनी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मीच सांगतोय."

"तू इचारलंस त्यांना?"

"कुणाला?"

"पाव्हण्यांना."

कोण पाहुणे, तेच मला ठाऊक नव्हतं. मामा म्हणाला, "आम्हाला इचारलंस, त्यांना इचारलं नाय. मंग ते येनार नाय हे तुला कसं ठावं?" तो चिडून बोलत नव्हता. मला समजावत होता, लहानपणी मासे धरायला शिकवताना समजावायचा तसं.

"मामा, पण तुमचा भट्टीचा हंगाम गेला."

"गेला. मासं हाय, लाकडं हाय. तुझी मामी शेजारच्या बुधीसंगं कुळगावच्या बाजारात बसते. निभंल."

"मी माझा शब्द परत घेतो. मग तर झालं?"

"तुझा घे की," मामा म्हणाला. "पन 'ठेवू' म्या बोललोय. ते तू कसं परत घेशील?"

मग मुकेशने डोकं चालवलं. त्याने चपला काढल्या आणि पडवीत शिरून बाजेवर बसला. "मामा, मी पाव्हणा. आलो बघा पाण्यावरचा वारा बघायला. आता तुमचं 'ठेवू' पुरं झालं."

मामी हसली. मामाही हसला. म्हणाला, "तू कसला पाव्हणा? मागल्या टायमाला जेवलास. जेवला तो घरचा." आणि त्याला बाजेवरून उठवून ओट्यावर आमच्यात बसवलं. जेवायला तांदळाच्या भाकरी आणि मासे होते. भाकरी जुन्या तांदळाच्या होत्या. नवीन तांदूळ पडवीतल्या एका डब्यात वेगळा काढून ठेवला होता, तो आम्हाला वाढला नाही. आम्ही घरचे होतो.

परतताना, बदलापूर आल्यावर मुकेश म्हणाला, "यार, ते मागत असते ना काहीतरी, तर बरं झालं असतं."

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम ठेवून ऐकलं. त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "बिचारे." तो शब्द मला लागला, पण तो मायेचा होता, त्याला काय म्हणणार. मी म्हटलं, आपण वर्गाची एक सहल नेऊ या का तिथं? एक रात्र राहिलो तरी पुरे. त्यांनी खरंच प्रयत्न केला. पण पाण्याकाठी सहल न्यायला परवानगी मिळाली नाही, मग परीक्षा आल्या, मग सुट्टी. या वर्षीच्या स्पर्धेचा विषय प्लास्टिक आहे. जीन्सचा समुद्र मुकेशच्या दुकानात वरच्या फळीवर आहे. त्यावर धूळ बसून तो आता पहाटेच्या समुद्रासारखा दिसतो, असं मुकेश म्हणतो. त्याने पहाटेचा समुद्र कधी पाहिलेला नाही. मीही नाही.

पावसाळ्यात वाडीच्या वरच्या धबधब्यावर लोक येतात. मोटारसायकली, भिजलेले शर्ट, बाटल्या. गेल्या पावसाळ्यात मामा वाटेवर जाऊन उभा राहिला होता, हे मला आईकडून कळलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, घरी चला, पडवी हाय, जेवन हाय. एकाने विचारलं, "कितना?" दुसऱ्याने विचारलं, दारू मिळेल का. कुणी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. मामा ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा उभा राहायचा. मग एका रविवारी गेला नाही. मामीला म्हणाला, "ते पाव्हणे नव्हं. पाव्हणा वाट इचारतो."

हे ऐकताना मी आईच्या निळ्या बोटांकडे बघत होतो. वाटेवर मी उभा राहायला हवं होतं. मला हिंदी येते, मला त्या पोरांशी बोलता आलं असतं. रविवार मलाही होते. पण त्या पोरांत माझ्या वर्गातलं कुणी निघालं असतं तर? मी एका आडवाटेवर, मामाशेजारी, घसा ताणून गिऱ्हाईक बोलावताना? माझ्या मनात हा विचार आला, आणि तो आला याचीच मला जास्त लाज वाटते. प्रोजेक्टमध्ये मीच लिहिलं होतं की स्थानिक तरुणांनी पुढाकार घ्यावा.

त्या प्रोजेक्टमध्ये आणखी एक वाक्य होतं. वारा फुकट असतो, त्यावर कुणाची मालकी नसते. हे वाक्य परीक्षकांना आवडलं होतं. मी ते लिहिलं तेव्हा खळ्यावर सूप वर धरून थांबलेली मामी मला आठवली नव्हती. समुद्रात चक्क्या लागतील तेव्हा लागोत. लागाव्यात असं मला अजूनही वाटतं, आणि किनाऱ्यावरच्या गावांत माणसं यावीत, असंही. ती कल्पना वाईट नव्हती. फक्त त्या चित्रातल्या बोटीच्या पलीकडे, काठावर, ज्यांनी आधीच होकार देऊन चूल पेटवून ठेवली असेल त्यांचं चित्र कुणी काढत नाही. बोट आली नाही तर ती चूल विझवायची कुणी, हे मला कुठल्या धड्यात सापडलं नाही.

यंदा वारा थोडा लवकर सुटला. ट्रक जायला लागले, आणि मी पुन्हा दुकानांच्या पाट्या वाचायला लागलो. आईने मला एकदाही विचारलं नाही, आणि मीही तिला वाडीला जा म्हटलं नाही. दोघांनाही एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि दोघंही टाळत होतो. यंदाही तो थांबला असेल तर? यंदा भातही कमी आलं होतं.

परवा मुकेशबरोबर काही कामासाठी बदलापूरला गेलो होतो. तिथल्या कुळगावच्या बाजारात बुधीमावशी बसली होती. मामीच्या शेजारची, एकटी राहणारी, वय झाल्यामुळे भट्टीवर न जाणारी. पुढ्यात वालाच्या शेंगांचे वाटे. शेजारी मामीची जागा रिकामी होती. मी समोर उभा राहिलो, तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"काळूचा भाचा नव्हं तू? उभा काय ऱ्हातोस गिऱ्हाइकावानी. बस."

मी बसलो. शेंगा चाळवत विचारलं, "मामा गेला का, मावशी? भट्टीवर?"

"गेला. दोघं बी गेली. मागल्या शनवारी ट्रक आला त्यात."

मुकेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला एवढं बरं वाटलं की दोन वाटे शेंगा मी न विचारताच पिशवीत टाकल्या. मग बुधीमावशी सावकाश म्हणाली, "जायालाच लागलं. भात कुठं हाय यंदा. पन मला सांगून गेलाय. पडवीतल्या मडक्यातलं पानी म्या रोज बदलते. डब्यात तांदूळ हाय, त्याला हात लावत नाय. तुझे पाव्हणे येनार असतील तर आदल्या दिशी निरोप धाड, म्हंजे सारवून ठेवीन."

मी नोट पुढे केली. तिने सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता सांगितलं,

"साऱ्या दारांना काट्या लावल्या. त्याच्या घराला बी लावल्या. पडवीला तेवढ्या लावू दिल्या नाय. काट्या बघून पाव्हणे मागं फिरतील, म्हनला."